एकदा सुटला की सुटला!

जवळजवळ 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड. वर धरायला मूठ. तो बर्फावरून सरकवायचा आणि जवळपास 30 मीटरवर आखलेल्या वर्तुळाच्या मध्यावर नेऊन थांबवायचा. हा खेळ म्हणजे कर्लिंग.

टीव्हीवर हा खेळ पाहिलात, तर दगडापुढे दोघंजण खसाखसा ब्रश घासत पळताना दिसतील. उगाच नाही हं! घासल्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं आणि दगड आणखी थोडा पुढे जातो. टाकणाऱ्याचा जोर कमी पडला, तर ब्रशवाले सावरून घेतात. व्हीलचेअर कर्लिंगमध्ये मात्र ब्रशच नाही!

कॅनडाच्या सोन्या गॉडेट या खेळातल्या महाराणीच. 1997 मध्ये त्या घोड्यावरून पडल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि व्हीलचेअर आली. पुढे त्या कर्लिंगकडे वळल्या.

आता त्यांचा डाव बघा. खुर्ची जागच्या जागी उभी. हातात लांब काठी, तिचं टोक दगडाच्या मुठीत अडकवलेलं. मागे संघातला एकजण त्यांची खुर्ची घट्ट धरून बसलेला. का बरं? दगड पुढे ढकलला की तोही तुम्हाला तेवढ्याच जोराने मागे ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम! बर्फावर खुर्ची घसरली, तर नेम गेलाच. मग सोन्या पुढे वाकतात, काठी रेटतात आणि सोडता सोडता मनगटाने दगडाला हलकीच फिरकी देतात. पुढे काही करता येत नाही, नुसतं बघायचं.

हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला 2006 साली, इटलीतल्या तुरिनला. तिथे कॅनडाला सुवर्णपदक. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये, घरच्या मैदानावर, दक्षिण कोरियाला 8–7 असं निसटतं हरवून दुसरं. 2014 ला सोचीत तिसरं! तिन्ही संघांत सोन्या होत्या, आणि सोचीच्या उद्घाटनात कॅनडाचा झेंडाही त्यांच्याच हाती होता.

त्या फिरकीची एक गंमत घरी करून बघा. गुळगुळीत फरशीवर स्टीलचा पेला पालथा घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरकी देऊन पुढे सरकवा. (काचेचा नको, बोलणी खाल!) तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड मात्र तशाच फिरकीने उजवीकडे वळतो. असं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. बघा, तुम्हाला सुटतंय का!