सुळक्यावरची चढाई: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यातल्या हडपसरच्या आसपास मोठे उभे कडे नाहीत. गाडीतळावरच्या किंवा मगरपट्ट्यातल्या नवख्या आरोहकाला नाणेघाटाजवळची वानरलिंगी, तैलबैला किंवा लिंगाणा पहिल्यांदा दिसतो तो बहुधा मोबाइलवरच्या व्हिडिओत. त्यात माथ्यावरचा जल्लोष असतो, पण तिथवर नेणारी पद्धत नसते. ती आधी समजून घ्यायला हवी.

गैरसमज 1 : वरून सोडलेला दोर धरून चढतात.
वस्तुस्थिती : प्रस्तरारोहणात चढायचं ते हातापायांनी, दोर असतो पडलात तर सावरायला. सर्वांत पुढे चढणाऱ्याच्या, म्हणजे लीडरच्या डोक्यावर दोर नसतोच. त्याच्या हार्नेसला बांधलेला दोर खालचा साथीदार बिले देत, म्हणजे पडणं रोखायला तयार राहून, सोडत जातो आणि लीडर तो वाटेतल्या बोल्टला लावलेल्या साधनांत अडकवत वर सरकतो. शेवटच्या बोल्टच्या 2 मीटर वर हात सुटला, तर तो किमान 4 मीटर पडतो. दोराची ढील आणि ताण धरून थोडं जास्तच.

गैरसमज 2 : पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच दोर लागतो.
वस्तुस्थिती : चढाईचा दोर साधारण 50 ते 60 मीटरचा असतो, आणि वानरलिंगी सुमारे चारशे फूट उंच. त्यामुळे चढाईचे टप्पे पडतात. एक टप्पा म्हणजे एक पिच. पिच संपली की लीडर स्वतःला अँकरला, म्हणजे खडकातल्या पक्क्या आधाराला बांधतो (या थांब्याला स्टेशन म्हणतात), उरलेला दोर ओढून घेतो आणि वरून बिले देतो. मागचा साथीदार वाटेतली साधनं काढत येतो आणि अँकरला बांधून घेतो. मगच पुढची पिच. पिच कुठे संपवायची हे मजबूत अँकर, उभं राहायला जागा आणि एकमेकांची हाक ऐकू येणं यांवरही ठरतं.

गैरसमज 3 : न ताणणारा दोर जास्त सुरक्षित.
वस्तुस्थिती : लीडरचा दोर ताणला गेलाच पाहिजे, कारण त्या ताणातच पडण्याचा झटका जिरतो. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, न ताणणारा स्टॅटिक दोर इथे वापरला, तर तो झटका शरीरावर आणि अँकरवर येतो. पडलेलं अंतर भागिले वापरात असलेल्या दोराची लांबी, या गुणोत्तरावरून झटक्याचा अंदाज येतो. स्टेशन सोडल्यावर पहिला बोल्ट गाठण्याआधीच लीडर पडून स्टेशनच्या खाली गेला, तर हे गुणोत्तर 2 होतं. यापेक्षा वाईट पडणं नाही. म्हणून स्टेशन सोडताच पहिलं साधन लावायचं.

गैरसमज 4 : कृत्रिम भिंत जमली की सुळकाही जमतो.
वस्तुस्थिती : हालचाली आणि बिले शिकायला भिंत उत्तमच. पण सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनला आहे. कठीण थरांमध्ये ठिसूळ थर येतात आणि भक्कम दिसणारी पकड हातात निघून येते. पकड आधी ठोकून बघायची, आणि हेल्मेट स्टेशनवर थांबल्यावरही काढायचं नाही. पावसात जुने बोल्ट गंजतात, त्यामुळे अँकर कधीही एकाच बोल्टवर विसंबून बांधायचा नाही.

गैरसमज 5 : माथा गाठला की धोका संपला.
वस्तुस्थिती : उतरताना अंग थकलेलं असतं, घाई होते आणि सगळा भार अँकरवर असतो. 60 मीटरचा दोर दुहेरी केला की 30 मीटरच पुरतो. त्याच्या टोकांना गाठी नसतील, तर उतरणारा दोर संपल्यावर निसटू शकतो. 2020च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंग मोहिमेत ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. कड्याच्या काठावर दक्षता सर्वांत अनुभवी माणसालाही लागते.

नवख्याने सुरुवात अनुभवी लीडरच्या मागून चढण्यापासूनच करावी. त्याआधी अँकरला बांधून घेणं, बिले देणं आणि रॅपलिंग जमिनीवर, प्रशिक्षकासमोर, हात न अडखळेपर्यंत करावं. पुण्यात गिरिप्रेमीसारख्या संस्था आहेत. त्यांच्याकडे रीतसर शिकता येतं. दंडातली ताकद सरावाने येईल, पण दर स्टेशनवर आपली आणि साथीदाराची गाठ तपासायची सवय पहिल्या दिवसापासून लागायला हवी.