तंजावरची पोथी

शाळेंत इतिहास शिकवितांना ‘मराठे दक्षिणेंत तंजावरापर्यंत गेले’ एवढें सांगून आम्ही पुढील धड्याकडे वळत असूं. गेलेल्यांचें पुढें काय झालें, हें मुलें विचारीत नसत आणि आम्हीही सांगत नसूं. वेगळा निघून दूर देशीं राहिलेल्या भावाचें नांव घरांत हळूहळू निघेनासें होतें, त्यांतलाच हा प्रकार.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला मात्र तो भाऊ आठवला. १९१० सालीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं स्थापिलेल्या या मंडळाचा बाणा असा कीं, अस्सल कागद पाहिल्यावांचून बोलावयाचें नाहीं. आणि कागद शोधूं गेल्यास महाराष्ट्राची हद्द पुरत नाहीं. शिवाजीमहाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदांनीं रचिलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचेंच पाहा. त्याची पोथी हातीं आली ती तंजावरच्या सरस्वती महालांत! सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलेला तो ग्रंथ मंडळानें १९२७ सालीं छापिला. ३१ अध्याय पुरे, ३२ व्याचे ९ श्लोक, आणि तेथें पोथी खुंटते. महाराजांचा जन्म १६२७ चा कीं १६३० चा, या वादांत जेधे शकावलीच्या तिथीस दुजोरा दिला तो याच काव्यानें. थोरल्या घरची जन्मतिथि धाकट्या घरानें जपून ठेविली होती!

१६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनीं मांडलेलें तें घर. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनीं त्यांतील ग्रंथसंग्रह वाढविला आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठींत कोरविला. १८५५ नंतर राज्य उरलें नाहीं. माणसें राहिलीं, घरांत मराठी आणि दारांत तमिळ बोलत.

त्यांपैकींच एक वृद्ध गृहस्थ, मुलाकडे पुण्यास आलेले, आम्हांस मोडी येते असें ऐकून एक कागद घेऊन आले. आजोबांच्या वेळची सनद म्हणून तो त्यांच्या देवघरांत पूजेंत होता. आम्हीं वाचून पाहिला, तों तें कर्जरोखें निघालें! सांगावें कीं न सांगावें, असें क्षणभर झालें; पण अस्सल कागदापुढें भीड चालत नाहीं. ते मोकळेपणें हंसले, आणि कागद पुन्हा रेशमी वस्त्रांत बांधतां बांधतां त्यांनीं विचारिलें, “मंडळांत मोडीचे वर्ग भरतात म्हणे. ह्या वयाच्या माणसास घेतील काय?”

आम्हीं पत्ता लिहून दिला.