टॉन्सिल काढल्यानंतरचे दहा दिवस

झोपेत घोरणाऱ्या, श्वास अडणाऱ्या मुलांचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढतात. मूल ३ वर्षांखालचं असेल तर पहिली रात्र रुग्णालयातच काढा. सुजेनं श्वास पुन्हा अडू शकतो. घरी आलो की आपण अल्हम्दुलिल्लाह म्हणून निर्धास्त होतो. पण ५व्या ते १०व्या दिवसाच्या सुमारास घशातली पांढरी खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. (ती खपली म्हणजे पू नव्हे. नानीजान, बोट घालून पुसू नका!) झोपेत मूल सारखं गिळत असेल तर उठवून तोंडात पाहा. ताजं लाल रक्त दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट रुग्णालय गाठा. कोडीनचं औषध मुळीच नको. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन इतक्या झपाट्यानं होतं की श्वासच मंदावतो. शाळेची घाई नको, दोन आठवड्यांचा अभ्यास आम्ही शिक्षक भरून काढू.