गाडी बंद, पण लाईन भरलेली

भिवंडीत कल्याण नाक्याकडून अंजूरफाट्याला आणि पुढे काल्हेर, माणकोलीच्या गोदामांकडे जाताना गॅरेजच्या गाळ्यांसमोर कायम काही ना काही उघडलेलं असतं. बोनेट वर केलेला छोटा हत्ती, घोडीवर चढवलेली ईको, भाड्याने फिरणारी सीएनजी वॅगन आर. यांतल्या प्रत्येक गाडीचा इंधनाचा फिल्टर कधीतरी बदलावाच लागतो. काम काही मोठं नाही. जुना काढायचा, बाणाची दिशा बघून नवा लावायचा, क्लिपा आवळायच्या. चुका होतात त्या याच्या आधीच्या दहा मिनिटांत, म्हणजे लाईनमधलं प्रेशर सोडताना. पुष्कळ ठिकाणी ते सोडलंच जात नाही, कारण सोडायची गरज आहे हेच कुणाला पटलेलं नसतं.

याचं मूळ कार्ब्युरेटरच्या जमान्यात आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिनाला लावलेला साधा पडद्याचा पंप टाकीतून पेट्रोल ओढायचा. दाब पाव बारच्या आसपास. फिल्टरची नळी उपसली की चार थेंब पडत, नळीच्या तोंडाला अंगठा लावला की काम भागे. त्या काळात हात बसलेल्या उस्तादांनी पुढच्या पोरांना तेच शिकवलं. मग एमपीएफआय आलं, पंप टाकीच्या आत गेला आणि लाईनमधला दाब ३ ते ४ बारवर पोचला. टायरच्या भाषेत सांगायचं तर चाकात आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो आणि या नळीत ४५ ते ५५ पीएसआयने पेट्रोल भरलेलं असतं. शिकवण मात्र बदलली नाही.

«गाडी बंद आहे ना, मग प्रेशर कुठलं?»

हा सगळ्यात रुजलेला गैरसमज. पंपाच्या तोंडाशी एकतर्फी झडप असते. इंजिन बंद झालं की ती मिटते आणि लाईनमधलं पेट्रोल तिथेच अडकून राहतं. हे मुद्दाम केलेलं आहे: पुढच्या वेळी सेल्फ मारताच गाडी उठावी, आणि गरम इंजिनाच्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडथळा येऊ नये. झडप चांगली असेल तर दाब तासन् तास टिकतो. म्हणजे गाडी जितकी निकोप, तितकी फिल्टर काढताना पिचकारी जोरात. «कालपासून उभी आहे» हाही भरवशाचा पुरावा नाही. रात्री उतरलेला दाब दुपारच्या उन्हात बंद नळीत पुन्हा चढू शकतो.

उडणारं पेट्रोल फार नसतं, दोन-चार चमचे. म्हणूनच लोक त्याला हसण्यावारी नेतात. पण दाबाखाली बारीक फटीतून सुटलेलं पेट्रोल धार होऊन पडत नाही, तुषार होऊन हवेत पसरतं, आणि तुषार पेटायला ठिणगी पुरते. थेट डोळ्यांत गेलं तर आग लागायचीही वाट बघावी लागत नाही. चष्मा घालून काम करणारा मेकॅनिक मी इथे क्वचितच पाहिला.

«बॅटरीची वायर काढली की झालं»

बॅटरी काढल्याने पंप पुन्हा चालू होत नाही, एवढंच. नळीत अडकलेल्या पेट्रोलला त्याचा काही पत्ता नसतो. वायर काढायची आहेच, पण ठिणगी पडू नये म्हणून, आणि प्रेशर सोडून झाल्यावर. आधीच काढली तर प्रेशर सोडायला सेल्फ मारणार कशाने?

टाकीचं झाकण उघडण्याचंही असंच. फुस्स आवाज येतो, माणसाला वाटतं प्रेशर गेलं. गेली ती टाकीतल्या वाफेची हवा. झडपेच्या पलीकडची लाईन आहे तशीच राहते. तरी झाकण उघडावंच. टाकीत वाफेचा दाब राहिला तर उघड्या नळीतून पेट्रोल ढकललं जातं आणि थेंबथेंब थांबता थांबत नाही.

«सीएनजीची गाडी आहे, पेट्रोलचं काय घेऊन बसलात?»

ठाणे जिल्ह्यातल्या भाड्याच्या गाड्या आता मुख्यतः गॅसवर चालतात, म्हणून या गैरसमजाला जरा जास्त जागा देतो. गाडी दिवसभर सीएनजीवर चालत असली तरी पेट्रोलची लाईन रिकामी होत नाही. काही किटमध्ये गॅसवर असतानाही पंप चालू राहतो, काहींत तो बंद होतो. दोन्हीकडे नळीत दाब अडकलेला असतोच.

खरी फसगत वेगळी आहे. प्रेशर सोडायची रीत म्हणजे इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढायचा आणि लाईनमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. आता गाडी गॅसवर चालू असेल आणि फ्यूज काढला, तर इंजिन बंद कशाला पडेल? ते मजेत चालत राहतं. मेकॅनिकला वाटतं फ्यूज चुकीचा काढला, मग तो दुसरा काढतो, तिसरा काढतो. शेवटी कंटाळून चावी फिरवतो, फ्यूज तर काढलाय म्हणत नळीला हात घालतो, आणि पूर्ण दाबाचं पेट्रोल तोंडावर येतं. फ्यूज बरोबर होता, क्रमही बरोबर होता, फक्त इंजिन ते पेट्रोल पीतच नव्हतं.

तेव्हा सीएनजी गाडीत आधी स्विच पेट्रोलवर टाका, सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा कॉक बंद करा, इंजिन पेट्रोलवर चालतंय याची खात्री करा, आणि मगच फ्यूजकडे वळा. टाटांच्या काही नव्या आयसीएनजी गाड्या तर चालूच गॅसवर होतात. तिथे गॅस की पेट्रोल हे दाखवणाऱ्या दिव्याकडे न बघता काम सुरू केलं तर फसणं ठरलेलं. गॅसच्या बाजूचा फिल्टर ही स्वतंत्र गोष्ट आहे. सिलिंडरमध्ये २०० बारने गॅस भरलेला असतो. ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाचंच, रस्त्यावरच्या गाळ्याचं नव्हे.

आणखी एक. गॅसवाले मालक पेट्रोलचा काटा कायम लाल रेषेवर ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच थंड राहतो. तळाचा गाळ ओढत कोरडा चालला की फिल्टरही लवकर तुंबतो आणि पंपही जातो. महिनोन् महिने शंभर रुपयांचं पेट्रोल घालणाऱ्याचा खर्च असा एकदम निघतो.

बरोबर रीत मग कोणती? इंजिन थंड, गाडी मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढलेला. फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या नकाशावर पंपाचा फ्यूज किंवा रिले बघा. काही गाड्यांत त्या फ्यूजवर इतरही गोष्टी चालतात. तिथे रिले काढणं किंवा मागच्या सीटखालचं पंपाचं कनेक्टर सोडवणं बरं. इंजिन चालू करा, फ्यूज काढा. काही सेकंदांत ते अडखळून बंद पडेल. मग दोन-तीनदा थोडा थोडा सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांच्या वर नको. चावी बंद. आता बॅटरीची निगेटिव्ह वायर. त्यानंतर जोडाभोवती जाड फडकं गुंडाळून क्लिप हळू सोडवा.

फडकं कशाला, प्रेशर तर गेलं ना? गेलं, पेट्रोल नाही गेलं. फिल्टरच्या पोटात आणि नळीत उरलेलं असतंच, ते गळणार. खाली पसरट डबा हवा. नळीचं लॉक दाबून ती किंचित मागे घेतली की फडक्याआड बारीक सुस्कारा येतो. तो विरेपर्यंत हात तिथेच थांबवायचा, झटक्यात ओढायचं नाही.

«डिझेल आहे, डिझेल कुठे पेटतं?»

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते, डिझेलचं तसं नाही, हे खरं. पण आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात ही मर्यादा किमान ३५ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात भिवंडीत बोनेटखाली ३५ अंश म्हणजे थंडावाच म्हणायचा. तापलेल्या एक्झॉस्टवर उडालेलं डिझेल पेटतं.

त्याहून मोठी भीती वेगळी. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात फिल्टर बदलल्यावर एअर काढायला इंजेक्टरचा नट ढिला करून सेल्फ मारायची पद्धत होती, आणि ती चालायचीही. कॉमन रेल इंजिनात हे कदापि करू नये. तिथे रेलमध्ये १,६०० ते २,००० बारपर्यंत दाब असतो. केसासारखी धार कातडी भेदून आत जाते. बोटावर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर सुजेची वाट न बघता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि डिझेल आत शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. फिल्टर स्वतः कमी दाबाच्या बाजूला असतो, एअर हातपंप दाबून किंवा चावी ऑन-ऑफ करून निघते. मोठ्या दाबाच्या नळ्यांना हात लावायचं कारणच नाही.

«आग लागलीच तर पाणी आहे की»

पेट्रोल पाण्यावर तरंगतं. बादली ओतली की आग विझत नाही, पसरते. हाताशी कोरड्या पावडरचं एबीसी प्रकारचं सिलिंडर हवं, आणि काटा हिरव्यात आहे की नाही हे काम सुरू करण्याआधी बघितलेलं हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकत जाते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून खड्ड्यात उतरून पेट्रोलचा फिल्टर बदलणं वाईट, आणि त्या खड्ड्यात काचेचा पिवळा बल्ब लटकवणं त्याहून वाईट. तापलेल्या बल्बवर थेंब पडला की काच तडकते आणि आतली तार उघडी पडते. एलईडी टॉर्च स्वस्त मिळतो.

यंत्रमागांच्या या गावात हात पुसायला सुताचा वेस्ट हवा तेवढा मिळतो, गॅरेजात त्याचे ढीग असतात. शेजारच्या गाळ्यात माग, पलीकडे वेल्डिंग, आणि मध्ये पेट्रोलने भिजलेला वेस्ट कोपऱ्यात फेकलेला, हे दृश्य इथे नवं नाही. भिजलेलं फडकं आणि जुना फिल्टर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जायला हवा. आणि पेट्रोलने हात धुणं बंद करायला हवं. आजच्या बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं, आणि बेंझिन कर्करोगाला कारण ठरतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत बाहेर फिल्टर सापडतच नाही. तो टाकीत पंपाच्या जोडीने असतो आणि त्यासाठी मागची सीट उचलून टाकीचं तोंड उघडावं लागतं. घरी प्रयोग करून बघायची ही गोष्ट नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांनाही हेच लागू: पुढच्या बाजूला तिथे शेकड्याने बार दाब असतो.

नवा फिल्टर बसला की ओ-रिंग किंवा वॉशर जुना परत लावू नये. फ्यूज आणि बॅटरी जोडा, पण लगेच सेल्फ मारू नका. चावी नुसती ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चारदा. पंप लाईन भरतो तेव्हाच जोडांवर टॉर्च मारून ओल शोधायची. कोरडं असेल तरच इंजिन चालू. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तर मेकॅनिकवर लगेच ओरडू नये. फ्यूज काढून इंजिन बंद पाडल्याची ती नोंद असू शकते; स्कॅनरने पुसता येते, पुष्कळदा काही फेऱ्यांनंतर आपोआप जाते. तरीही दिवा राहिला किंवा केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवायची आणि तो जोड पुन्हा उघडायचा. अर्थात, प्रेशर सोडून.