दुखणे सांगा, नाव सांगू नका

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची रुग्णांची गर्दी ओसरली होती. कंपाउंडर बाहेरची बाकडी आवरत होता. तेवढ्यात ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आत आले. मागोमाग त्यांची मुलगी. गुरुजी खुर्चीवर बसले, पण बराच वेळ काही बोलेनात.

(गुरुजींची आणि त्यांच्या मुलीची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

या मुलीला मी लहानपणापासून ओळखतो. शाळेत असताना तिला फिट येऊ लागल्या. आपल्याकडे त्याला फेफरे किंवा आकडी म्हणतात, वैद्यकीय भाषेत अपस्मार. औषधे नियमित घेतल्यामुळे गेल्या चार वर्षांत तिला एकही फिट आलेली नाही. पदवीधर झाली, नोकरी लागली. लग्नाचे बोलणे चालू होते.

"डॉक्टरसाहेब, हिने मोबाईलला सगळे सांगितले आणि भावकीला कळले," गुरुजी शेवटी म्हणाले.

झाले होते ते असे. घरात चांगला मोबाईल एकच, तो धाकट्या भावाचा. त्यावर प्रश्न विचारले की उत्तरे देणारे एआयचे ॲप होते. एके रात्री मुलीने त्याला विचारले, 'फिटच्या गोळ्या लग्नानंतर चालू ठेवल्या तर बाळाला त्रास होतो का? बंद केल्या तर चालेल का?' सोबत आपल्या फाईलमधल्या दोन कागदांचे फोटोही टाकले. त्यावर तिचे पूर्ण नाव, वय, पत्ता, सगळे होते. उत्तर वाचून तिने ॲप बंद केले आणि विषय संपला असे समजली. पण तिचा प्रश्न ॲपच्या यादीत तसाच राहिला. दोन दिवसांनी चुलतभावाने कॉलेजच्या कामासाठी तो फोन घेतला, तेच ॲप उघडले आणि वाचले. तिथून गोष्ट काकूकडे गेली, काकूकडून तिच्या माहेरी. आठवडाभरात मुलाकडच्यांचा निरोप आला, 'पत्रिका जुळत नाही.' पत्रिका तर महिन्यापूर्वीच जुळली होती!

मी मुलीला म्हटले, "अगं, मला का नाही विचारलेस? मी काय परका आहे?"

ती खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरकाका, तुमच्याकडे विचारायचे तर आत स्टुलावर आणखी दोन माणसे बसलेली असतात."

मी गप्प झालो. तिचे म्हणणे खरे होते. गर्दीच्या वेळी पुढचा नंबर आत घेऊन बसवायची आमच्या दवाखान्याची वर्षानुवर्षांची सवय. मोबाईल तिला माझ्या खोलीपेक्षा जास्त खाजगी वाटला, यात तिची चूक ती किती?

आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर

असे प्रश्न अनेक घरांत असतात, म्हणून सांगतो. फिटच्या गोळ्या एकदम बंद करू नयेत. तसे केल्यास फिट पुन्हा सुरू होतात, कधी एकामागून एक येतात आणि जिवावर बेतते. यातली काही औषधे, विशेषतः व्हॅलप्रोएट, गर्भाला घातक ठरू शकतात. म्हणून दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून गरज असल्यास औषध बदलून घ्यावे आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात. अशी काळजी घेतली तर बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात. हिंदू विवाह कायद्यात विवाहाला अडसर म्हणून अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. लग्नाआधी आजार सांगावा हे माझेही मत आहे. पण तो केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचा, हे त्या मुलीने ठरवायचे, चुलतभावाने नव्हे.

गंमत म्हणजे मोबाईलने तिला जवळपास हेच सांगितले होते. उत्तर बरोबर होते. चूक झाली ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत.

हा नवा सल्लागार आहे तरी कोण?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. पाठोपाठ जेमिनी, व्हॉट्सॲपमधले मेटा एआय असे अनेक आले. मराठीत विचारा, मराठीत उत्तर मिळते. अफाट लिखाण वाचवून या यंत्रांना तयार केलेले असते आणि शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ती उत्तर रचतात. त्यामुळे भाषा नेहमीच छान असते, माहिती मात्र नेहमीच खरी असते असे नाही. चुकीची गोष्टही ती तितक्याच ठामपणे सांगतात.

ही यंत्रे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. रिपोर्टमधला अवघड शब्द समजावून घेणे, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करणे, मधुमेहाचे पथ्य नीट समजून घेणे, यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ती रागावत नाहीत, घाई करत नाहीत, म्हणून माणूस त्यांच्याजवळ नको तितके मन मोकळे करतो.

सांगितलेले जाते कुठे?

आपण लिहिलेला मजकूर मोबाईलमध्येच राहत नाही. तो कंपनीच्या संगणकांवर जातो, तिथे साठवला जातो. आपण सेटिंग बदलले नाही तर अनेकदा पुढची यंत्रे शिकवण्यासाठीही वापरला जातो. गूगलने तर जेमिनीच्या सूचनेतच सांगून ठेवले आहे की काही संभाषणे माणसे तपासतात, तेव्हा गोपनीय माहिती टाकू नका. व्हॉट्सॲपवर दोन माणसांमधला निरोप कंपनीलाही वाचता येत नाही, पण मेटा एआयला विचारलेला प्रश्न कंपनीकडे जातो. दोन्ही एकाच ॲपमध्ये असल्याने पुष्कळांचा इथे घोटाळा होतो.

माहिती बाहेर फुटल्याचीही उदाहरणे आहेत. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीतील एका दोषामुळे काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. २०२५ च्या जूनमध्ये मेटा एआयच्या ॲपवर अनेकांचे खाजगी प्रश्न, त्यात आजारांचेही, सर्वांसमोर आलेले आढळले. ते सार्वजनिक होत आहेत याची कित्येकांना कल्पनाच नसावी. त्याच वर्षी चॅटजीपीटीवरून 'शेअर' केलेली हजारो संभाषणे गूगलच्या शोधात सापडू लागली. पुढे कंपनीने ती सोय बंद केली.

डॉक्टरांवर रुग्णाची गुपिते जपण्याचे बंधन आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ते लिहिलेले आहे. एचआयव्हीबाबत आणि मानसिक आजारांबाबत २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत. यंत्राशी बोलताना हे डॉक्टर-रुग्णाचे नाते नसते. चॅटजीपीटीच्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२५ मध्ये स्वतःच हे मान्य केले की, डॉक्टर किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे कायदेशीर संरक्षण असते ते या संभाषणांना नाही. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. पण कायदा काहीही म्हणो, एकदा फुटलेली गोष्ट परत पोटात घालता येत नाही.

आणि वाचकहो, आपल्यासारख्या गावात गुपित फुटते ते बहुधा अमेरिकेत नाही. ते फुटते घरातल्या सामाईक मोबाईलवर, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर, दुरुस्तीला टाकलेल्या फोनमधून. म्हणून पहिली काळजी घरातच घ्यायला हवी.

एवढे पाळा

१) दुखणे सांगा, नाव सांगू नका. 'माझी मुलगी अमुक, राहणार अमुक' असे न लिहिता 'चोवीस वर्षांची स्त्री, पाच वर्षे फिटचे औषध चालू' असे लिहा. उत्तर तेवढेच चांगले मिळते. वय, स्त्री की पुरुष, त्रास किती दिवसांचा, चालू औषधे, जुने आजार, एवढे पुरे. नवऱ्याचे, सुनेचे, शेजाऱ्याचे नावही नको.

२) रिपोर्टचा फोटो टाकण्यापेक्षा त्यातले आकडे हाताने लिहा. फोटो टाकायचाच असेल तर नाव, मोबाईल नंबर, नोंदणी क्रमांक आणि चौकोनी क्यूआर कोड यांवर कोरा कागद ठेवून फोटो काढा. ते चौकोनी चिन्ह स्कॅन केले की कधी कधी सबंध रिपोर्ट उघडतो.

३) आधार, पॅन, बँक खाते, पासवर्ड, ओटीपी कधीही लिहू नका. आजाराच्या उत्तरासाठी यातले काहीच लागत नाही. कोणी मागितले तर ते ॲप बनावट समजा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

४) सामाईक फोनवर आजाराचे प्रश्न विचारू नका. विचारले तर काम झाल्यावर ते संभाषण यादीतून काढून टाका. काही ॲपमध्ये 'टेम्पररी चॅट' नावाची सोय असते. तिच्यातले बोलणे यादीत राहत नाही. कंपनीकडे ते काही काळ राहू शकते, हे मात्र लक्षात ठेवा.

५) सेटिंगमध्ये जाऊन आपला मजकूर यंत्राला शिकवण्यासाठी वापरण्याची परवानगी बंद करा. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून करून घ्या. 'शेअर'चे बटण विचार केल्याशिवाय दाबू नका.

६) दुसऱ्याचा आजार त्याला न विचारता यंत्राला सांगू नका. आईचा असो वा सुनेचा, तो कागद तिचा आहे.

उत्तर मिळाले, पुढे काय?

गोपनीयता सांभाळली तरी अर्धेच काम झाले. मिळालेले उत्तर हा सल्ला समजा, औषधाची चिठ्ठी नव्हे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत प्रसिद्ध झाली. जेवणातले मीठ टाळायचे म्हणून त्यांनी चॅटजीपीटीचा आधार घेतला आणि तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाईड खाल्ले. ब्रोमाईडची विषबाधा होऊन त्यांना भास होऊ लागले, रुग्णालयात ठेवावे लागले.

आपल्याकडचे धोके आणखी साधे आहेत. लहान मुलांचे तापाचे पॅरासिटामॉल एकाच मापात १२५ मिलिग्रॅमचेही येते आणि २५० चेही. 'एक चमचा द्या' या उत्तरात कोणती बाटली हे नसेल तर डोस दुप्पट होतो. संधिवाताचे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर जीव जातो. माझ्या अक्षराचा फोटो यंत्राकडून वाचवून घेण्यापेक्षा मलाच पुन्हा विचारा. अक्षर माझे आहे, दोषही माझाच!

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, साप चावणे, दम लागणे, गरोदरपणात रक्त जाणे, लहान मूल सुस्त पडणे, यांत मोबाईलला प्रश्न विचारत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तिथे माणूस बोलतो.

थोडे आमच्याविषयी

सगळा उपदेश रुग्णांनाच करून मी मोकळा होणार नाही. त्या दिवसापासून माझ्या खोलीतली ती दोन स्टुले बाहेर गेली आहेत. आत एका वेळी एकच रुग्ण, दार लोटलेले. कंपाउंडरलाही ताकीद दिली आहे की बाहेरून 'कसली तपासणी आहे?' असे मोठ्याने विचारायचे नाही. नंबर थोडा उशिरा लागतो, लोक कुरकुरतात. पण त्या लोटलेल्या दाराआड गेल्या काही महिन्यांत मला असे प्रश्न ऐकायला मिळाले, जे आधी कधीच ऐकले नव्हते.

मागच्या आठवड्यात गुरुजींची मुलगी पुन्हा आली, या वेळी एकटी. तिच्या हातात वहीचे एक पान होते. त्यावर पाच प्रश्न लिहिलेले. "मोबाईलच्या मदतीनेच तयार केलेत, काका. नाव मात्र कुठे टाकले नाही," ती म्हणाली.

आम्ही दार लोटून घेतले आणि पाचही प्रश्नांवर सावकाश बोललो.