शाळेतील मत्स्यपेटी : पहिले सहा आठवडे

शाळेच्या व्हरांड्यात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा घराच्या ओसरीवर ठेवलेली मत्स्यपेटी ही आता गोव्यात अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. परंतु अशा पुष्कळ पेट्यांची कहाणी एकसारखी असते. पहिल्या दिवशी सर्वांचे कौतुक, चौथ्या दिवशी पाण्याला दुधी गढूळपणा आणि पंधरवडा उलटण्याच्या आत निम्मे मासे तळाशी. मग दुकानदाराने आजारी मासे दिले असा समज होतो, आणखी एकदा मासे आणले जातात, तेही मरतात आणि शेवटी पेटी अडगळीत जाऊन पडते. मुलांचा विरस होतो तो वेगळाच. दोष बहुधा माशांचा नसतो व दुकानदाराचाही नसतो. तो नव्या पाण्याचा असतो आणि थोडे समजून घेतल्यास टाळता येतो.

काचेच्या पेटीत मासे दीर्घकाळ जगविता येतात हे प्रथम पद्धतशीरपणे दाखविणाऱ्यांत रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका भांड्यात एकत्र ठेवली. वनस्पतीची कुजणारी पाने पाणी नासवू लागली, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला आणि पाणी निवळले. आपले निष्कर्ष त्याने १८५० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. वॉरिंग्टनची ती व्हॅलिस्नेरिया आपल्याकडील तळ्यांतूनही आढळते. तथापि पाणी खऱ्या अर्थाने कोण शुद्ध करते, हे त्यालाही त्या वेळी पुरते उमगलेले नव्हते.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. पेटीत तो साठतो आणि अत्यल्प प्रमाणातही माशाचे कल्ले जाळतो. निसर्गात विशिष्ट जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळच निरुपद्रवी असून पाणवनस्पती ते खत म्हणून वापरतात. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि विशेषतः गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. नव्या पेटीत ती वस्ती नसते आणि ती पुरेशी वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत वीस-पंचवीस मासे सोडणे म्हणजे गटार बांधण्यापूर्वीच वाड्यावर वस्ती करण्यासारखे होय.

म्हणून पेटी मांडून झाल्यावर पहिले काही आठवडे ती माशांविना चालवावी, हे उत्तम. रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकले की ते कुजून जीवाणूंना अन्न मिळते. परिचितांपैकी कोणाकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातील मूठभर वाळू किंवा स्पंजाचा तुकडा आणून घातल्यास हा काळ बराच कमी होतो. विरजण लावावे तसाच हा प्रकार आहे. इतका धीर नसेल, आणि मुलांना तो क्वचितच असतो, तर चारपाच काटक माशांवर प्रारंभ करावा, खाद्य अगदी बेताने द्यावे आणि दर दोन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदलावे. अमोनिया तपासण्याचे रसायन शोभिवंत माशांच्या दुकानांतून मिळते. ते घेतल्यास शाळेतील विज्ञानाच्या तासाला चांगले प्रात्यक्षिकही होते.

पेटी केवढी असावी? लहान पेटी सांभाळणे सोपे, हा समज उलटा आहे. पाणी जितके थोडे, तितके ते लवकर बिघडते. साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी पेटी आरंभासाठी योग्य. तिच्यात वाळू वजा जाता ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. काच, वाळू व पाणी मिळून वजन ६५ किलोच्या घरात जाते, तेव्हा डुगडुगणारे मेज चालणार नाही. खाली थर्मोकोलचा ताव अंथरावा. खिडकीचे थेट ऊन पडत असेल तेथे पेटी ठेवू नये; पाणी तापते आणि हिरवे शेवाळ माजते. गोल काचेचे भांडे दिसावयास सुरेख असले तरी त्यात पाणी थोडे मावते आणि तोंडाशी हवेला भिडणारा पृष्ठभागही अपुरा पडतो. त्यात गोल्डफिश कोंडणे तर केवळ निर्दयपणाच. हा मासा वीतभर वाढतो व नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो.

वाळू नदीची, जाडसर, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेली असावी. तिचा चार-पाच सेंटीमीटरचा थर पुरे. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू व शिंपले घालण्याचा मोह गोव्यात स्वाभाविक आहे, पण त्यांतील चुना पाणी जड करतो. दगडावर लिंबाचा रस पिळावा. फेस आल्यास तो दगड पेटीत घालू नये.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ओपा, अस्नोडा, साळावली येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांतून नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांना मारतो आणि त्या उपकारक जीवाणूंनाही. असे पाणी उघड्या बादलीत किमान २४ तास ठेवावे. विहिरीच्या पाण्यात हा प्रश्न नसतो. पण जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ व किंचित आम्ल असते. घाटावरील काळ्या दगडाच्या मुलखात ते जड असते. मॉली व गप्पी या माशांना जड पाणी मानवते. बार्ब व गुरामी यांना मऊ पाणी चालते. बेळगावच्या नातेवाईकाकडे मॉली भराभर वाढतात आणि आपल्याकडे मात्र त्या झुरतात, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असू शकतो. ते वापरण्यापूर्वी दिवसभर हवा सोडून ढवळून घ्यावे.

हवेचा पंप व स्पंजाची साधी गाळणी एवढी सामग्री पुरेशी आहे. २५ अंश तापमानाच्या लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. अन्यथा वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंप निकामी होतो. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री मात्र त्याही तो घेतात. म्हणून पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे मारताना दिसले तर पेटीत दाटी झाली आहे, असे ओळखावे.

माशांची निवड करताना रंगापेक्षा स्वभाव पाहावा. झेब्रा डॅनिओ व रोझी बार्ब हे मूळचे भारतीय उपखंडातील मासे काटक आहेत. सहा-सहांच्या थव्याने ठेवल्यास खुलतात. ड्वार्फ गुरामी पृष्ठभागावर येऊन थेट हवाही घेऊ शकतो, परंतु दोन नर एकत्र ठेवू नयेत. वर सांगितलेल्या पेटीत तीन-चार सेंटीमीटरचे बारा ते पंधरा मासे ही मर्यादा समजावी आणि तेही एकदम नव्हे, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन खेपांत. आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, तिच्यात पेटीचे पाणी थोडे थोडे घालावे आणि मग मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये.

शेताच्या पाटांतून व ओहळांतून डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला एक लहान मासा पृष्ठभागालगत फिरताना दिसतो. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाद्य. याच गटातील ‘अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकाय’ या माशाचा मलेरिया नियंत्रणासाठी उपयोग करण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात गोव्यात झाले. शाळेच्या पेटीस तो शोभतो. मात्र झाकण हवे, कारण तो उडी मारण्यात पटाईत आहे. पश्चिम घाटातील सर्वच मासे असे विपुल नाहीत. केरळ व दक्षिण कर्नाटकातील मोजक्या नद्यांत राहणारा डेनिसन बार्ब शोभेसाठी इतका पकडला गेला की आज तो संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे. तो घ्यावयाचा तर पैदास केंद्रातील घ्यावा.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दोन-तीन इंचांचा असताना गोजिरवाणा दिसतो. पुढे तो हातभर वाढतो, पेटीत मावत नाही आणि मालक दयेपोटी त्याला नदीत सोडतो. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा कवचधारी मासा आता देशातील अनेक राज्यांच्या नद्यांत व तळ्यांत पसरला असून त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. त्याला बाजारात मोलही नाही. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत. पेटीतील जादा वनस्पती व गोगलगायी उन्हात वाळवून पुराव्यात. ओहळात, तळीत वा विहिरीत टाकू नयेत.

नित्याची देखभाल थोडी आहे. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. बिस्किटांचा चुरा मुळीच नको. आठवड्यातून एकदा नळीने तळाची घाण ओढून पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज धुवावयाचा तो काढलेल्या त्याच पाण्यात, नळाखाली नव्हे. महिन्यातून एकदा सगळी पेटी रिकामी करून साबणाने लख्ख घासण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती घातक आहे. त्यात जीवाणूंची वस्ती वाहून जाते आणि पुन्हा पहिल्या आठवड्यापासून आरंभ करावा लागतो.

सुट्टीत काय करावे, असे शिक्षक विचारतात. निरोगी, वाढलेले मासे पाचसहा दिवस खाद्याविना सहज राहतात; आधी मूठभर खाद्य घालून ठेवण्याची जरूर नाही, त्याने पाणी नासते. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे किल्ली द्यावी आणि रोजच्या खाद्याच्या पुड्या मोजून, कागदात बांधून ठेवाव्यात.