लाल शिशी: जिंदा तिलिस्मात आणि परभणीचा खोकला

परभणीच्या स्टेशन रोडला, सेलूच्या मोंढ्यात किंवा गंगाखेडच्या बाजारात एखाद्या जुन्या दुकानात जाऊन ‘सर्दीचं काही आहे का’ म्हणून विचारा. बामच्या डब्या आणि वाफेच्या कॅप्सूलच्या मागून दुकानदार अंगठ्याएवढी शिशी काढून देतो. आत लालभडक तेल आणि वेष्टनावर आफ्रिकी वंशाच्या एका दणकट माणसाचं चित्र. नाव जिंदा तिलिस्मात, म्हणजे जिवंत जादू. हैदराबादचे हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुखी यांनी १९२० साली बाजारात आणलेलं हे युनानी औषध आजही त्याच नावाने आणि त्याच रंगात विकलं जातं. निजामाचं राज्य गेलं, परभणी आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आली, शिशी मात्र जागची हलली नाही.

सर्दी, खोकला, घसा, डोकं, दात, पोट, सांधे अशा सगळ्या दुखण्यांवर ही एकच शिशी वापरली जाते. गरम पाण्यात किंवा चहात दोन थेंब टाकून प्या, रुमालावर घेऊन हुंगा, छातीला चोळा, दाढ ठणकत असेल तर कापसाचा बोळा भिजवून धरा. घरात एवढ्या परीने वापरात असलेली दुसरी बाटली शोधून सापडणार नाही.

एका बाटलीत दहा रोगांचा उतारा विकण्याचा हा धंदा हैदराबादने शोधलेला नाही. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात तो शिगेला पोचला होता. १८३७ साली राणी गादीवर आली आणि त्याच साली लंडनमध्ये थॉमस हॉलोवे नावाच्या गृहस्थाने मलम विकायला सुरुवात केली, पाठोपाठ गोळ्या आणल्या. औषधात फारसं काही नव्हतं. हॉलोवेची बुद्धी होती ती जाहिरातीत. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता आणि १८८३ मध्ये वारला तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांच्या घरात गेला होता. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही त्याच्या गोळ्या झळकत. त्या पैशातून लंडनजवळ मुलींचं कॉलेज उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याचं उद्घाटन खुद्द राणीने केलं. गोळ्यांनी किती माणसं बरी झाली ते सोडा, कॉलेज मात्र अजून चालू आहे.

या औषधांना ‘पेटंट मेडिसिन’ म्हणत, पण बहुतेकांनी पेटंट घेतलेलंच नसे. पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते, आणि कृती उघड झाली की धंदा बुडाला. १७८३ पासून ब्रिटिश सरकार अशा औषधांवर कर घेई आणि बाटलीवर कराचं तिकीट चिकटवलेलं असे. गिऱ्हाईक ते तिकीट पाहून समजे की औषध सरकारमान्य आहे, आणि विक्रेता तो गैरसमज कशाला दूर करेल? १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने या बाटल्या रसायनशाळेत तपासून ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचं पुस्तकच छापलं. बीचमच्या जगप्रसिद्ध गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग भरली. विक्रीची किंमत होती एक शिलिंग दीड पेनी, म्हणजे शंभर पटींहून जास्त.

साबण तरी निरुपद्रवी म्हणायचा. खरी भीती ज्या बाटलीची वाटावी ती जन्मली आपल्याच देशात. जॉन कॉलिस ब्राऊन हा लष्करी डॉक्टर १८४८ मध्ये हिंदुस्थानात होता. पटकीच्या रोग्यांसाठी त्याने अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क एकत्र करून क्लोरोडाइन बनवलं. रोग्याची तळमळ थांबे, जुलाबही थांबत. घरच्यांना वाटे गुण आला. पण पटकीत माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते भरून काढण्याची या बाटलीत काहीच सोय नव्हती. शिवाय अफूची चटक लागे ती वेगळीच. १८५६ पासून ही बाटली इंग्लंडात दुकानोदुकानी विकली जाऊ लागली आणि पुढे अनेक वर्षं लोक खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत सगळ्यासाठी ती पीत राहिले.

मराठी मुलुखात हा धंदा मुंबईहून पसरला, पण त्याचं रूप पालटून. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर सुरू करून आयुर्वेदाची औषधं कारखान्यात बनवायला घेतली. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं. गाण्याच्या मैफलींत ते फुकट वाटून लोकांना सवय लावली. गिरगावच्या के. टी. डोंगरे कंपनीचं बालामृत तर मराठी घरातल्या बाळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी चाखलं. छापखाना, टपाल आणि व्ही.पी. पार्सल या तिन्हींच्या बळावर मुंबईची बाटली घाटावर, वऱ्हाडात, खानदेशात पोचली.

परभणीला यायला मात्र तिला सरहद्द ओलांडावी लागे. परभणी निजामाच्या राज्यातला जिल्हा. नाणं वेगळं, हाली शिक्का. राज्यकारभाराची भाषा १८८० च्या दशकापासून उर्दू. आणि इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. मुंबईच्या बाटलीवर ती बसे, हैदराबादच्या बाटलीवर नाही. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी ओळीने स्टेशनं उभी राहिली. परभणीचा कापूस या रुळांवरून बाहेर गेला आणि हैदराबादचा माल आत आला. त्या मालात हकिमांची औषधंही असणारच. मराठवाड्यात आजही थोडं दुखलं-खुपलं की आयुर्वेदाइतकीच युनानी औषधाची आठवण निघते, ती या दोन रुळांमुळे आणि या सरहद्दीमुळे, असं माझं मत आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सहसा लक्षात येत नाही.

निजामाच्या राज्यात युनानीला राजाश्रय होता. सरकारी युनानी दवाखाने होते, हैदराबादेत चारमिनारजवळ मोठं युनानी रुग्णालय उभं राहिलं. पण तालुक्याच्या गावापलीकडे डॉक्टरही नसे आणि हकीमही नसे. फारुखींनी शिशी बाजारात आणली तेव्हा १९१८ च्या तापाच्या साथीला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि प्लेगची धास्ती तर त्याआधीपासूनची होती. अशा वेळी नाक आणि छाती मोकळी करणाऱ्या औषधाला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नसेल.

वेष्टनावरच्या माणसाचीही एक गोष्ट आहे. हैदराबाद संस्थानात सिद्दी घोडेस्वारांचं एक पथक होतं, आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स. शहरातल्या ‘ए.सी. गार्ड्स’ वस्तीला त्याचंच नाव आहे. अंगापिंडाने मजबूत, रुबाबदार असे हे स्वार सगळ्या शहराच्या ओळखीचे. फारुखींनी औषधाची खूण म्हणून असाच एक सिद्दी चेहरा निवडला. वाचता न येणाऱ्या माणसालाही सांगता येत असे की ‘ती हबशीवाली शिशी दे’. निरक्षर बाजारपेठेत अक्षरापेक्षा चित्र मोलाचं, हे हॉलोवेलाही एवढं उमगलं नव्हतं. पुढे रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर हे नाव रंगवलं गेलं आणि गाडीच्या खिडकीतून ते आपोआप पाठ होत गेलं. अंबरपेठच्या कारखान्यातून याच घराण्याचं फारुकी मंजनही निघतं.

आता आतल्या तेलाकडे येऊ. मुख्य भाग निलगिरीच्या तेलाचा. त्यात कापूर, पुदिन्याचं सत्त म्हणजे मेंथॉल, आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. लाल रंग रतनजोतीच्या मुळीचा. ही मुळी पाण्यात रंग सोडत नाही, तेलात सोडते, म्हणून काश्मिरी रोगनजोशच्या तवंगाला रंग देण्यासाठीही ती वापरतात. कापूर, मेंथॉल आणि थायमॉल या तिन्हींची एक गंमत आहे. तिन्ही कोरडे, स्फटिकासारखे. पण एका बाटलीत टाकून हलवले की न तापवता, पाणी न घालता आपोआप वितळून तेलासारखे होतात. घरोघरी केली जाणारी अमृतधारा हीच. लाहोरचे पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच नावाने औषध विकून मोठा धंदा उभा केला. कोरड्या पुड्यांचं डोळ्यांदेखत पाणी झालेलं पाहिल्यावर माणूस बाटलीवर निम्मा विश्वास तिथेच ठेवतो.

उरलेला निम्मा विश्वास मेंथॉल मिळवून देतं. हुंगताक्षणी नाक उघडल्यासारखं वाटतं. वाटतं, हे महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये कार्डिफला रॉन एक्लेस यांनी १९८० च्या दशकात हे मोजून पाहिलं. मेंथॉल हुंगल्यावर माणसं म्हणतात नाक मोकळं झालं, पण नाकातून जाणाऱ्या हवेचा अडथळा तेवढाच असतो. पुढे २००२ मध्ये कारण सापडलं. आपल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारी एक कळ असते आणि मेंथॉल तीच दाबतं. मेंदूला गार हवा जाणवते आणि तो समजतो की श्वास चांगला चालला आहे. हा शोध लावणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. थायमॉल जंतुनाशक आहे आणि कापूर चोळल्यावर दुखण्यापासून लक्ष हटवतो. म्हणजे शिशी खोटी नाही. सर्दीने बेजार झालेल्याला रात्रीची झोप लागावी एवढा आराम ती देते, आणि सर्दी तिच्या गतीने, सात-दहा दिवसांत, बरी होते. श्रेय शिशीला जातं, पण त्यात कुणाचं नुकसान नाही.

क्लोरोडाइनमध्ये आणि या शिशीत मूळचा फरक हाच. ती बाटली रोग झाकून ठेवी, ही शिशी फक्त त्रास कमी करते. अफू नसल्यामुळे चटक नाही, पारा नसल्यामुळे मूत्रपिंडाला धोका नाही. बहुतेक व्हिक्टोरियन बाटल्या कायद्याने आणि रसायनशास्त्राने एकेक करून बाजारातून उठवल्या, आणि हैदराबादची शिशी तरली. ती जादूची आहे म्हणून नव्हे. छोट्या दुखण्यांवर ती खरंच थोडा उतारा देते आणि तिची किंमत कुणालाही परवडते, म्हणून.

मोठ्या माणसाने जपून वापरली तर धोका शिशीत नाही, तिच्यावर टाकलेल्या भारात आहे, एकच औषध सगळे रोग बरे करतं या समजुतीत. परभणीत दर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान सगळे लोटतात. अशा जत्रांमधून जडीबुटीवाले मुतखडा, मधुमेह, मूळव्याध, संतती, सगळ्यावर एकाच पुडीत इलाज सांगतात, आणि आता तेच मोबाइलवरून घरात येतं. याला आळा घालायला १९५४ मध्ये ‘औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ आला. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. डिसेंबर १९५९ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा गाभा कायम ठेवला, पण सरकारला हवे ते रोग यादीत घालायची जी मोकळीक होती ती रद्द केली. त्यानंतर १९६३ मध्ये रोगांची यादीच कायद्याला जोडण्यात आली. कर्करोग, मधुमेह, मिरगी, काचबिंदू, लठ्ठपणा, उंची वाढवणं अशा ५४ बाबी त्यात आहेत. यांपैकी कशावरही औषध बरं करतं अशी जाहिरात करणं गुन्हा, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. साधं सर्दी-पडसं त्या यादीत नाही.

कायदा आहे, अंमल दिसत नाही. आणि जिथे सर्वरोगहर पुडी जोरात खपते तिथे डॉक्टर किती कोसांवर आहे, हे पाहिल्याशिवाय नुसतं लोकांना अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. जिंतूरच्या डोंगराकडच्या वाडीवर रात्री दोनला पोर कण्हायला लागलं, तर आई हाताशी असेल तीच बाटली उघडणार.

म्हणून त्या आईसाठी काही गोष्टी. लहान मुलाला कापूर-निलगिरी-मेंथॉलचं कुठलंही औषध पाजू नका, नाकाखाली लावू नका, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर अंगालाही चोळू नका, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, निलगिरीचं थोडं तेलही बेशुद्ध करू शकतं, आणि मेंथॉलच्या उग्र वासाने तान्ह्याचा श्वास अडकू शकतो. शिशी मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. जुलाब-उलट्या होत असतील तर तेलाचे थेंब नव्हे, क्षारसंजीवनी पाजा. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. श्वास जोरात चालत असेल, छातीत खड्डा पडत असेल, तर शिशी बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. आणि मधुमेह किंवा कर्करोग बरा करणारी पुडी कुणी विकताना दिसला, तर परभणीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.